गेलेले पैसे परत आणायच्या नादात: ऑनलाइन सट्टा तरुण मुलांना कसा धरून ठेवतो

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. भारतीय संघाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हन या ॲपचं नाव उतरलं, रमीच्या जाहिराती थांबल्या, आणि ज्या घरांत मुलाच्या फोनवरून रोज वाद व्हायचे तिथे आईबाबांना वाटलं, सुटलो एकदाचे. पण क्रिकेटवरचा सट्टा मुळात त्या ॲपवर अवलंबून नव्हताच. तो चालतो ‘आयडी’वर. ओळखीतला कोणीतरी व्हॉट्सॲप नंबर देतो, त्यावर पाचशे-हजार रुपये यूपीआयने पाठवले की युजरनेम आणि पासवर्ड येतो, आणि मुलगा परदेशातून चालणाऱ्या एखाद्या वेबसाइटवर पोचतो. हा प्रकार बंदीआधीही बेकायदा होता, आजही आहे. घरात कोणाला हा नाद लागला असेल, तर कायदा झाला म्हणून तो आपोआप सुटेल या भरवशावर राहू नका.

हा नाद लागतो कसा, त्यात पैशांचं गणित काय असतं, मेंदूत काय घडतं आणि घरच्यांच्या हातात काय आहे, ते इथे जमेल तितकं सोपं करून मांडते. माझं मुख्य म्हणणं आधीच सांगून टाकते. पोरं हावेपोटी खेळायला लागतात हे अर्धंच खरं आहे. ती अडकतात ती हरलेले पैसे परत मिळवण्याच्या धडपडीत. एवढं एक कळलं की कर्ज कोणी फेडायचं, फोनचं काय करायचं, घरात बोलायचं कसं, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं बदलतात.

आधी कायद्याचं थोडक्यात

महाराष्ट्रात जुगाराविरुद्धचा मूळ कायदा १८८७चा. मुंबई इलाख्यासाठी झालेला तो कायदा आजही लागू आहे. त्यातून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरच्या घोड्यांच्या शर्यती परवान्याखाली वगळल्या आहेत. क्रिकेटवरच्या बेटिंगला अशी सूट कधीच नव्हती. फँटसी लीगचा, म्हणजे खऱ्या खेळाडूंतून आपली टीम निवडून पैसे लावायच्या ड्रीम इलेव्हनसारख्या खेळांचा, मार्ग वेगळा होता. तिथे टीम निवडायला कौशल्य लागतं, म्हणून तो जुगार नाही, असा युक्तिवाद होता आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला होता. २०२५च्या केंद्रीय कायद्याने कौशल्य आणि नशीब हा भेदच काढून टाकला. पैसे लावून पैसे जिंकण्याचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड अशा तरतुदी आहेत. कायद्याला न्यायालयात आव्हानही दिलं गेलं आहे. विधेयक आणताना सरकारने दिलेला अंदाज असा, की अशा खेळांची झळ देशात ४५ कोटी लोकांना बसली आणि २०,००० कोटींहून जास्त रुपये बुडाले.

या कायद्यातली एक गोष्ट पालकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे: खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. कायदा त्याला गुन्हेगार न मानता नुकसान झालेला माणूस मानतो.

मटका आणि मोबाइल

मुंबईला सट्टा नवा नाही. न्यूयॉर्कच्या बाजारातले कापसाचे भाव तारेवरून इथल्या कॉटन एक्सचेंजवर यायचे आणि त्या आकड्यांवर पैसे लागायचे. १९६१च्या सुमारास ते बंद झालं, तेव्हा चिठ्ठ्या आणि पत्ते काढून आकडा लावायची पद्धत, म्हणजेच मटका, आला. मटका चालवणारे कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही नावं त्या काळातली. लालबाग-परळ-वरळीच्या चाळींत ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द पोराटोरांनाही ठाऊक होते. पगाराच्या दिवशी पाकीट घरी पोचण्याआधीच हलकं झालेलं असायचं, ही आठवण गिरणगावातल्या कितीतरी घरांत आहे. तेव्हाचा जुगार साधासरळ होता, असं मी मुळीच म्हणणार नाही. त्याने संसार मोडले आहेत.

तरीही त्या काळी माणूस आणि जुगार यांच्यात काही अंतर होतं. आकडा लावायला घेणाऱ्यापर्यंत चालत जावं लागे. रोख पैसे हातातून सुटताना दिसत. आकडा फुटायचा तो दिवसातून ठरावीक वेळेला. मधले तास वाट बघण्यात जात आणि तेवढ्या वेळात डोकं थोडं शांत होई. आणि नाक्यावर उभं राहिलेलं कोणीतरी बघायचं, संध्याकाळपर्यंत बातमी घरी पोचायची.

मोबाइलने हे सगळं काढून घेतलं. टी-ट्वेंटीच्या एका सामन्यात दोन्ही डाव मिळून २४० चेंडू. पुढच्या चेंडूवर काय होईल, या ओव्हरमध्ये किती धावा, सहा ओव्हरला किती, पुढची विकेट किती धावांवर, या प्रत्येकावर पैसे लावता येतात. निकाल मिनिटभरात लागतो आणि लगेच पुढचा डाव समोर उभा असतो. वेबसाइटवर रुपयांऐवजी पॉइंट किंवा कॉइन दिसतात, त्यामुळे पाच हजार गेले तरी नोट गेल्यासारखं वाटत नाही. आयपीएलचे सामने २०२२ पासून हंगामाला ७४ झाले आहेत, पण नाद लागलेल्याला आयपीएल संपण्याचं काही दुःख नसतं. युरोपातल्या कुठल्याशा क्लबांचा दहा ओव्हरचा सामना दुपारी तीन वाजता चालू असतो. तोही नसेल तर त्याच आयडीवर पत्ते, रूलेट, विमान उडवायचा खेळ असतो. विरार फास्टमध्ये एका हाताने कडी धरून उभ्या असलेल्या मुलाने दुसऱ्या हाताने बोरिवली ते अंधेरी एवढ्या वेळात तीन-चार वेळा पैसे लावले, तर शेजारी खेटून उभ्या असलेल्या माणसालाही वाटेल की पोरगं स्कोअर बघतंय.

व्यसनाच्या दृष्टीने हा वेग सर्वांत महत्त्वाचा आहे. पैसे लावणं आणि निकाल यांतलं अंतर जितकं कमी, तितका जुगार जास्त पकड घेतो. लॉटरीपेक्षा स्लॉट मशीन जास्त घातक का ठरतं, याचं उत्तरही हेच आहे.

‘मला क्रिकेट कळतं’

सट्टा लावणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाचा हा विश्वास असतो, आणि बरेचदा त्याला खरंच क्रिकेट कळत असतं. शिवाजी पार्कात किंवा गल्लीत वाढलेल्या पोराला वानखेडेवर संध्याकाळी दव पडतं, दुसरी बॅटिंग सोपी जाते, हे माहीत असतं. अडचण अशी की भाव काढणाऱ्यालाही ते माहीत असतं, आणि भावात ते आधीच धरलेलं असतं.

सेशनचं उदाहरण घेऊ. पहिल्या सहा ओव्हरमध्ये किती धावा होतील यावर बुकी दोन आकडे देतो, समजा ४७ आणि ४९. ‘यस’ लावलं तर ४९ किंवा जास्त धावा व्हायला हव्यात. ‘नॉट’ लावलं तर ४७ पेक्षा कमी. आता बरोबर ४७ किंवा ४८ झाल्या तर? यसवाला हरला आणि नॉटवालाही हरला. दोघांचेही पैसे बुकीकडे. दोन आकड्यांमधली ती फट हीच त्याची कमाई, आणि ती तो प्रत्येक सेशनला आधीच कापून घेतो.

सामन्याच्या भावातही हेच असतं, फक्त तिथे ते सहज दिसत नाही. दोन्ही संघ अगदी तुल्यबळ आहेत असं धरा. खरा भाव दोघांनाही दुप्पट असायला हवा: शंभर लावले, जिंकलं, दोनशे हातात. पण वेबसाइट देते १.९०. म्हणजे दोनशेऐवजी एकशे नव्वद. निम्म्या वेळा जिंकणाऱ्या माणसाचे सरासरी शंभरातले पाच रुपये यात जातात. नुसतं बरोबरीत राहायचं तरी शंभरातल्या किमान ५३ वेळा बरोबर यावं लागतं, आणि हे सातत्याने जमणारे लोक जगभर मोजकेच आहेत.

पाच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण ते खिशातल्या पैशांवर कापले जात नाहीत, लावलेल्या एकूण रकमेवर कापले जातात, आणि इथेच सगळं फसतं. सामन्यात वीस वेळा पाचशे लावले तर खिशात दोन हजारच असले तरी उलाढाल दहा हजारांची झाली. त्यावर पाच टक्के म्हणजे सामन्याला पाचशे. ७४ सामन्यांचे झाले सदतीस हजार. आणि हे साधारण निम्म्या वेळा बरोबर येणाऱ्याचं. त्याला स्वतःला मात्र वाटत असतं, आपण कधी जिंकतो कधी हरतो, हिशेब सारखाच आहे.

शिवाय मोबाइलवरचं प्रक्षेपण मैदानातल्या चेंडूच्या काही सेकंद मागे असतं. मुलाला चेंडू टाकताना दिसतो तेव्हा भाव देणाऱ्याला तो चेंडू कुठे गेला हे कळलेलं असू शकतं. आणि परदेशातून चालणाऱ्या बेकायदा साइटवर तर भाव, निकाल आणि पैसे काढायची परवानगी, तिन्ही एकाच हातात असतात. मोठी रक्कम जिंकली की खातं गोठलं, आयडी बंद झाला, नंबर ब्लॉक झाला, आणि दाद मागायला जागाच नाही.

डोक्यात काय चालतं

आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. त्याला आनंदाचं रसायन म्हणायची पद्धत पडली आहे, पण त्याचं काम त्याहून सूक्ष्म आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून दिसलं, की अपेक्षेपेक्षा जास्त काही मिळालं तर डोपामिनच्या पेशी उसळतात, ठरलेलं मिळालं तर फारशा हलत नाहीत, आणि अपेक्षित बक्षीस आलं नाही तर थंडावतात. अनिश्चितता हेच त्यांचं खाद्य. महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या पगाराने जे होत नाही ते कधीतरी, अवचित आलेल्या दोन हजारांनी होतं. बक्षीस कितव्या प्रयत्नाला येईल हे ठरलेलं नसेल तर प्राणी थकेपर्यंत तीच कृती करत राहतो, हे स्किनर या मानसशास्त्रज्ञाने त्याआधीच दाखवलं होतं.

डोपामिनचा जुगाराशी किती थेट संबंध आहे याचा एक पुरावा मला फार महत्त्वाचा वाटतो. पार्किन्सनच्या, म्हणजे कंपवाताच्या, रुग्णांना डोपामिनसारखं काम करणारी काही औषधं दिली जातात. आयुष्यभर पत्त्यांना हात न लावलेल्या काही म्हाताऱ्या माणसांना ही औषधं सुरू झाल्यावर जुगाराची अनावर ओढ लागली, आणि औषध कमी केलं किंवा बदललं की ती ओसरली. ‘संस्कार कमी पडले’ असं स्वतःला दूषण देणाऱ्या प्रत्येक आईने हे वाचावं असं मला वाटतं.

थोडक्यात हुकणं हाही एक सापळा असतो. सेशन ४९चं हवं होतं, ४८ झाल्या. ही हार आहे, पूर्ण हार. पण ‘अगदी जवळ आलो होतो’ या क्षणी मेंदूतल्या बक्षिसाशी जोडलेल्या भागांत हालचाल होते आणि पुन्हा खेळावंसं वाटतं, हे मेंदूच्या स्कॅनमधून दिसलं आहे. क्रिकेटमध्ये असं हुकणं तर दर ओव्हरला असतं.

तरुणांना धोका जास्त, कारण मोह आवरणारा, पुढचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत तयार होत असतो. अठराव्या वर्षी यूपीआय हातात येतं, आणि ब्रेक पूर्ण तयार व्हायला आणखी सहा-सात वर्षं असतात.

मानसोपचारात हा आजार म्हणूनच ओळखला जातो. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३च्या नियमावलीत जुगाराचं व्यसन दारू आणि ड्रग्जच्या व्यसनांशेजारी ठेवलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही ते व्यसनांमध्येच आहे.

गेलेले पैसे

आता मूळ मुद्द्यावर येते. समजा, करी रोडला राहणारा बावीस वर्षांचा मुलगा आहे, पहिली नोकरी, पगार अठरा हजार. मित्राने आयडी दिला. पहिल्या आठवड्यात तीन हजार जिंकला, आईला साडी घेतली. पुढच्या दोन आठवड्यांत सात हजार गेले. इथवर तो खेळत होता. इथून पुढे त्याचा हेतू बदलतो. आता त्याला श्रीमंत व्हायचं नाही, बाईक घ्यायची नाही. त्याला फक्त सात हजार परत हवे आहेत, म्हणजे घरी कळायच्या आत सगळं होतं तसं होईल. ‘एकदा रिकव्हर झालं की सोडणार’ असं तो स्वतःला सांगतो आणि त्यात तो खोटं बोलत नसतो.

रिकव्हर करायची सगळ्यांना सुचणारी युक्ती म्हणजे दुप्पट लावणं. दोनशे गेले, चारशे लाव. चारशे गेले, आठशे. कधीतरी जिंकणारच, मग सगळं परत. गणित करून बघू. सलग आठ वेळा हरलं तर एकूण ५१,००० रुपये गेलेले असतात आणि नवव्यांदा ५१,२०० लावावे लागतात. तेही शेवटी वरचे दोनशे मिळवण्यासाठी. सलग आठ हार येण्याची शक्यता दर खेपेला २५६ मध्ये एक. फार कमी वाटते, पण हंगामात चौदाशे-पंधराशे वेळा पैसे लावणाऱ्याला अशी रांग एकदा तरी लागण्याची शक्यता फार मोठी असते.

‘इतक्या वेळा हरलो, आता येणारच’ हा दुसरा समज. १८ ऑगस्ट १९१३ला मॉन्टे कार्लोच्या कसिनोत रूलेटच्या लाल-काळ्या चाकावर सलग २६ वेळा काळा रंग आला. दहा-पंधरा वेळा काळा आल्यावर लोकांनी लाल रंगावर पैसे ओतले आणि अफाट रकमा घालवल्या. चाकाला मागचं काही आठवत नाही. पुढच्या सेशनलाही तुमचं मागचं सेशन आठवत नाही.

मग पैसे येतात कुठून? आधी मित्रांकडून, ‘पगार झाला की देतो’ म्हणून. मग दहा मिनिटांत कर्ज देणारी ॲप्स. एकाचा हप्ता भरायला दुसरं. मग क्रेडिट कार्ड. मग घरातलं सोनं गहाण. फी भरल्याचं सांगून ठेवलेले पैसे. ऑफिसच्या कलेक्शनमधले पैसे, ‘सोमवारपर्यंत परत ठेवतो’ म्हणून. प्रत्येक पायरीवर रक्कम वाढते आणि तिच्याबरोबर लपवायची गोष्टही वाढते. सात हजार घरी सांगता आले असते. चार लाख सांगायचे कसे? जितकं सांगणं अवघड, तितकं जिंकून परत आणणं हाच एक मार्ग उरल्यासारखा वाटतो. त्या मुलाला रात्री झोप न येण्याचं कारण हे असतं. त्या अवस्थेत त्याला लोभी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. तो घाबरलेला असतो.

टेलिग्रामवरचा ‘भाऊ’ आणि भाड्याचं खातं

रिकव्हर करायला निघालेल्या मुलाला दोन प्रकारची माणसं भेटतात. पहिला टेलिग्रामवर टिप देणारा ‘भाऊ’. ‘फिक्स मॅच, शंभर टक्के, आज फक्त पाच हजारांत.’ पुरावा म्हणून तो सलग पाच बरोबर भाकितं दाखवतो. ती खरी असतात, आणि त्यात जादू काही नाही. ३,२०० मुलांचे नंबर घ्यायचे. निम्म्यांना कळवायचं मुंबई जिंकणार, निम्म्यांना चेन्नई. जे चुकले त्यांना सोडून द्यायचं, उरलेल्या १,६०० जणांचे पुन्हा दोन भाग. पाच सामन्यांनंतर शंभर मुलं अशी उरतात ज्यांनी सलग पाच भाकितं डोळ्यांदेखत खरी झालेली पाहिली. ती शंभर मुलं पैसे देतात.

दुसरा जास्त धोकादायक. तो म्हणतो, तुझं बँक खातं आणि एटीएम कार्ड महिनाभर वापरायला दे, पाच-दहा हजार देतो. सट्ट्याचा आणि सायबर फसवणुकीचा पैसा अशाच भाड्याच्या खात्यांतून फिरतो. महादेव या सट्ट्याच्या ॲपच्या प्रकरणात, ज्याचा एक गुन्हा २०२३ मध्ये मुंबईत माटुंगा पोलीस ठाण्यातही नोंदवला गेला, इतरांच्या नावावरच्या खात्यांचं असं जाळंच समोर आलं होतं. नवा कायदा खेळणाऱ्याला सोडतो, पण खातं भाड्याने देणाऱ्याला तसं संरक्षण नाही. पोलीस पोचतात ते खात्यावर ज्याचं नाव आहे त्याच्या घरी, खातं गोठतं, आणि मनी लाँडरिंगच्या तपासात नाव येऊ शकतं. घरात कॉलेजला जाणारं मूल असेल तर बाकी काही बोलणं झालं नाही तरी हे एवढं आजच बोला.

घरात ओळखायचं कसं आणि करायचं काय

दारूचा वास येतो, जुगाराचा येत नाही. पण खुणा असतात. मॅच बघणाऱ्याला आपली टीम जिंकली की आनंद होतो. सट्टा लावणाऱ्याचा मूड टीमशी जुळत नाही, मुंबई जिंकली तरी तो पडलेला असतो. नाव न ऐकलेल्या लीगचे स्कोअर तो बघतो. बँकेचे मेसेज पुसतो. चुलत भावाकडे, आत्याकडे लहान-लहान उधाऱ्या झालेल्या असतात आणि प्रत्येकाला कारण वेगळं सांगितलेलं असतं. बाईक अचानक ‘मित्राकडे’ असते.

डॉक्टर प्राथमिक तपासणीसाठी वापरतात असे दोन प्रश्न आहेत. कधी जास्त-जास्त पैसे लावायची गरज वाटली का? किती पैसे लावतोस याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटं बोलावं लागलं का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर नीट तपासणी करून घ्यावी. हे प्रश्न पोलिसांसारखे विचारू नका. जेवणं आटोपल्यावर, भावंडं नसताना, शांतपणे विचारा.

कर्जाचा आकडा कळला की आपल्याकडे जे घडतं ते असं: रडारड होते, देवाची शपथ घेतली जाते, आणि बाबा पीएफमधून किंवा एफडी मोडून सगळं कर्ज एकरकमी फेडतात. ‘आता नवी सुरुवात.’ प्रेमापोटीच होतं हे. पण आजाराच्या बाजूने बघा. ज्या मुलाचा सगळा जीव ‘पैसे परत आले की सगळं ठीक’ यात अडकला होता, त्याचे पैसे खरंच परत आले. भीती गेली, खातं मोकळं झालं, कर्ज देणारी ॲप्स पुन्हा कर्ज द्यायला तयार झाली, आणि ओढ जिथे होती तिथेच राहिली. काही महिन्यांनी दुसरा आकडा समोर येतो, पहिल्यापेक्षा मोठा. म्हणून माझं ठाम मत आहे: आधी पैशांचा रस्ता बंद करा, उपचार सुरू करा, मग कर्जाचं बघा. आणि ते फेडलं तरी थेट ज्याचं त्याला, हप्त्यांनी, मुलाच्या पगारातून वाटा घेऊन. त्याच्या हातात रक्कम देऊ नका.

लपलेली कर्जं शोधायचा सोपा मार्ग म्हणजे क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे नावावरच्या कर्जांची नोंद. सिबिलसारख्या प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा तो मोफत मिळतो, आणि नावावर नोंदलेली ॲपची कर्जंही त्यात दिसतात. मुलाबरोबर बसून, त्याच्या संमतीने तो काढा. बँकेत जाऊन यूपीआय आणि कार्डाची मर्यादा कमी करून घेता येते. पगार काही काळ आईच्या किंवा बहिणीच्या देखरेखीखालच्या खात्यात ठेवायचा आणि रोजच्या खर्चाला यूपीआय सर्कल वापरायचं, असंही करता येतं. त्यात अशी सोय निवडता येते, की मुलगा क्यूआर स्कॅन करतो, पण प्रत्येक व्यवहाराला खातेदाराने मंजुरी दिल्यावरच पैसे जातात. फोन हिसकावून घेण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं, कारण फोन शेजारच्याचाही मिळतो.

बुकीची किंवा आयडीवाल्याची उधारी असेल आणि ‘कोर्टात खेचू’ अशी धमकी येत असेल, तर हे माहीत असू द्या: भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो, पैजेत जिंकलेली रक्कम कोर्टातून वसूल करता येत नाही. मारहाणीची किंवा फोटो पसरवण्याची धमकी असेल तर सरळ पोलिसांत जा. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर, आणि तिथे तास-दोन तासांचा उशीरही महाग पडतो.

उपचारांचा मुख्य भाग बोलण्याचा आहे. ओढ कधी येते, तेव्हा मनात कोणते विचार चालतात, ‘आता येणारच’ हा विचार कसा मोडायचा, यावर समुपदेशक आठवड्याला एकदा असं काही महिने काम करतात. काहींना नैराश्य असतं, काहींना दारू सोबत असते. त्यावर औषधं लागतात, आणि ओढ कमी करायला नाल्ट्रेक्झोनसारखं औषधही डॉक्टर काही वेळा देतात. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे. केसपेपरचा खर्च खाजगी फीच्या मानाने अगदीच थोडा, त्यामुळे पैसे नाहीत म्हणून थांबायची गरज नाही. आधी नुसतं फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलगा यायला तयार नसेल तर आईबाबांनी एकट्याने फोन केला तरी चालतो.

एक गोष्ट स्पष्टच लिहायला हवी. जुगाराच्या व्यसनात आत्महत्येचा धोका वाढलेला असतो, आणि आकडा घरी कळतो ते दिवस सर्वांत नाजूक असतात. त्या रात्री मुलाला एकटं सोडू नका. ‘जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतंय का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. उलट ज्याच्या डोक्यात तो आहे त्याला बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर सकाळची वाट न बघता जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या.

उपचार सुरू झाल्यावर एखाद्या हंगामात तो पुन्हा खेळला, असंही होतं. सगळ्याच व्यसनांत होतं. तसं झालं तर पुढची भेट चुकवू नका, डॉक्टरांना रकमेसकट खरं सांगा. मार्चअखेर, आयपीएल तोंडावर आली की, भेटी वाढवून घ्या आणि मर्यादा पुन्हा तपासा. आणि डॉक्टरांकडे गेलो तर ऑफिसला कळेल, लग्नाच्या वेळी कोणी उकरून काढेल, ही भीती असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर त्याच्या परवानगीशिवाय रुग्णालय ही माहिती कोणाला देऊ शकत नाही.